हरभऱ्याच्या मुळावरची गुलाबी गाठ

गेल्या पौषात गावी गेलो असताना फुलोऱ्यात आलेल्या हरभऱ्याचे एक झाड बांधावर उभे राहूनच उपटले. मुळे जवळजवळ कोरी निघाली, कारण ज्या गाठी पाहायच्या होत्या त्या मातीतच तुटून राहिल्या होत्या. मग खुरप्याने चहूबाजूंनी माती मोकळी करून दुसरे झाड ढेकळासकट उचलले आणि ढेकूळ बादलीतल्या पाण्यात विरघळू दिले, तेव्हा मुळांना बिलगलेल्या वेड्यावाकड्या गाठी दिसल्या. आंबेने, म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर सुटणाऱ्या आंबट द्रवाने, ओशट झालेल्या बोटांनीच त्यांतली एक नखाने चिरली, तर ती आतून गुलाबी होती.

या गाठीत राहणारा जिवाणू रायझोबियमच्या गोतातला आहे. त्याचे शरीर म्हणजे एकच पेशी; तिच्यात केंद्रक नसते, डीएनए पेशीद्रवातच गुंडाळलेला असतो, आणि असे हजारभर जीव टोकाला टोक लावून मांडले तरी रांग दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे सहसा जाणार नाही. एरवी तो मातीतल्या कुजक्या पदार्थांवर जगतो. हरभऱ्याच्या मुळांतून पाझरणारी विशिष्ट रसायने त्याला जाणवली, की तो आपल्याकडून एक रासायनिक खूण सोडतो; ती खूण जुळली तर मुळावरचा केशतंतू त्याच्याभोवती वळतो आणि त्याला आत येण्यासाठी वाट करून देतो. खूण जुळणे महत्त्वाचे असते, कारण हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. खतांच्या कारखान्यात तो बंध तोडून अमोनिया बनवण्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशेपटीहून अधिक दाब लागतो. जिवाणू तेच काम नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने शेतातल्या मातीच्या तापमानाला करतो, मात्र नायट्रोजनच्या एकेका रेणूमागे त्याला एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, निदान १६ रेणू खर्ची घालावे लागतात. हा खर्च झाडाने पानांत तयार केलेल्या साखरेतून भागतो; फुकट कोणीच काही करत नाही.

खरी अडचण ऑक्सिजनची असते. एवढी ऊर्जा मिळवायची तर जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवा, आणि नायट्रोजिनेज तर ऑक्सिजन लागताच निकामी होते. त्यावर झाडाने काढलेला तोडगा म्हणजेच तो गुलाबी रंग. लेगहिमोग्लोबिन हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि विकराला धक्का लागणार नाही अशा बेताने जिवाणूपर्यंत पोहोचवते. त्यामुळे गाठ आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे आणि हिरवट किंवा तपकिरी असेल तर ते थांबले आहे, असे समजावे.

हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८०च्या दशकात गाठींचा आणि हवेतल्या नायट्रोजनचा संबंध दाखवला, आणि १८८८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे पीक निघाल्यावर रानात उरणारा कस, पुढच्या पिकाला चांगला, हे आपल्या शेतकऱ्यांना अर्थातच अनुभवाने माहीत होते.

पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या जिवाणू संवर्धकाच्या पाकिटातला जीव जिवंत असतो, हे मात्र मला नुकसान सोसून कळले. एका वर्षी आम्ही पहिल्यांदाच सोयाबीन पेरले, आणि त्यासाठी आणलेले पाकीट मी अख्खी दुपार मोटारसायकलच्या डिकीत तापत ठेवले. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळले, बियाणे सावलीत सुकवले, सगळे अगदी रीतसर केले. तरी महिन्याभराने मुळांवर गाठी जेमतेम होत्या. त्या रानात सोयाबीन कधी झालेच नव्हते, त्यामुळे पाकिटातले जिवाणू मेल्यावर मातीतून दुसरे येण्याची आशाही नव्हती.

या माघात घाटे टच्च भरल्यावर हरभऱ्याचे आणखी एक झाड खणून काढले. झाडाची सगळी साखर आता दाण्यांकडे वळली होती. गाठी बोटांत धरताच पिचल्या आणि आतून मातकट तपकिरी पाणी आले.