सकाळी पहिलं पाणी कितव्या दांड्याला येतं?

मी हातपंप दुरुस्तीच्या पथकात मेकॅनिक आहे. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा ह्या डोंगरी पट्ट्यात आमची गाडी फिरत असते. ह्या उन्हाळ्यात एक दिवस आमच्याबरोबर एक जोडपं आलं होतं, त्या दिवसाबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं.

दोघं कोल्हापूरचेच. ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी दोन पोरांना घेऊन उत्तर युगांडात राहतात, सुट्टीला आलेले. ओळखीतल्या एकानं फोन केला की ह्यांना पंप खोलायला शिकायचंय. म्हणलं तिकडं आपल्या पंपाचं काय काम? तर तिकडं पण हाच, इंडिया मार्क टू! लई भारी वाटलं मला, कारण ह्या पंपाचं मूळ महाराष्ट्रातच आहे, जालना-सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी जुने बिडाचे पंप सारखे मोडतात म्हणून पोलादी पंप बनवले आणि त्यातल्या सोलापूरच्या पंपावरनं पुढं १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू तयार झाला. आणि आपल्या कोल्हापुरात १८५२ साली वाइल्डर म्हणून अमेरिकन मिशनरी कुटुंब आलं होतं, त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच जन्मला, १८६३ ला. तवा तिकडनं माणसं इथं यायची, आता इथली तिकडं जातात.

मलकापूरच्या पुढं एका वाडीवर गेलो. तक्रार होती पाणी नीट येत नाही. पंपाभोवती नेहमीप्रमाणे बाप्ये जमले, बायका घागरी घेऊन लांब सावलीला. आमची पोरं पाने काढायला लागली तर त्या जोडप्यातल्या ताई म्हणाल्या, "दादा, जरा थांबा हां, आधी विचारू दे." आणि सरळ बायकांच्यात जाऊन बसल्या. "मावशी, सकाळी पहिल्यांदा दांडा मारला की पाणी लगेच येतंय का वेळ लागतो?"

एक आज्जी म्हणाल्या, "लई वेळ लागतोय बाई, खांदं भरून येतात. एकदा आलं की मग चांगलं येतंय. दुपारच्याला परत तीच तऱ्हा."

झालं, निदान तिथंच झालं! वायसर झिजले असते तर पाणी सारखंच कमी आलं असतं. पंप बंद असताना पाईपातलं पाणी खाली उतरतंय म्हणजे एकतर खालचा वॉल, म्हणजे पाणी अडवून धरणारी झडप, गळतोय नाहीतर पाईपला भोक. ताईंना हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, तिकडच्या बायकांनीच. पिवळे वीस लिटरचे कॅन घेऊन पहाटे रांगेत त्याच उभ्या असतात, त्यांनाच सगळं ठाऊक असतं.

मग खोलायला घेतलं. वरचं झाकण, चेन, हेड काढलं. खाली तीन मीटरचे दहा पाईप, आत रॉड, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो उचलायचं. पाईप धरून ठेवणारा क्लॅम्प लावायचा, एक पाईप वर घ्यायचा, सोडवायचा, रॉड सोडवायचा, परत क्लॅम्प. ताईंनी तिसऱ्या पाईपनंतर वाडीतल्या दोन वैनींना बोलवून पाना त्यांच्या हातात दिला. बाप्ये कुजबुजले पण ताईंचे नवरे, भाऊ, शांतपणे म्हणाले, सुटलेला क्लॅम्प सगळे पाईप बोअरात घेऊन जातो, तेवढं सांभाळा, बाकी त्यांना जमतंय. आणि जमलं! पाईपांच्या टोकाचा, वॉल असलेला सिलेंडर वर आल्यावर बघितलं तर खालच्या वॉलचं रबर चिरलेलं. एवढ्याशा रबरासाठी अख्खी वाडी खांदे दुखवून घेत होती.

जेवताना त्यांच्या घरचं ऐकलं. सकाळी ताई पोरांची शाळा घरीच घेतात, भाऊ सायकलीवरनं गावोगावच्या पाणी कमिट्यांना भेटतात. तिकडं ज्वारी पिकते, त्यामुळं भाकरी होते, फक्त कांदा-लसूण चटणी इथनं न्यावी लागते. रविवारी आंब्याच्या झाडाखाली प्रार्थना असते, पण पंपाच्या कमिटीत कोण प्रार्थनेला येतं आणि कोण नाही हे बघायचं नाही हा त्यांचा पक्का नियम. दर घरामागं थोडे पैसे जमा करायचे, वही एका बाईकडं, पेटीची किल्ली दुसरीकडं. मोठा त्रास पाईपांचा, तिथलं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी, जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाईप गंजून पाणी तांबडं येतं, मग लोक पंप सोडून परत डबक्याकडं जातात. म्हणून ते आता प्लास्टिकचे नाहीतर स्टीलचे पाईप घालायच्या मागं लागलेत.

मला ह्यातलं एक लई पटलं. बोअर मारला की फोटो निघतो, नारळ फुटतो, पण चार वर्षांनी वॉल गळायला लागला की गावात पंप खोलणारं कोण आहे हे कुणी विचारत नाही. हे दोघं तेच काम धरून बसलेत, घरदार सोडून.

जायच्या आधी उद्यमनगरातनं त्यांना क्लॅम्प आणि पाईप उचलायचे पाने करून दिले, विमानाच्या वजनात बसतील असे. मागच्या आठवड्यात ताईंचा व्हिडिओ कॉल आला, चार बायका पाईप ओढतायत आणि ताई बाजूला उभ्या राहून नुसत्या बघतायत. क्लॅम्प उलटा बसलाय हे मी इकडनं ओरडून सांगितलं, त्यांनी लगेच फिरवला, मग पुढचा पाईप घेतला.