आवाज तिथेच ठेवा, ठेका हलवा

मायकल जॅक्सनचा 'एक्स्केप' मे २०१४ मध्ये आला, तो गेल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी. गाणी आठच, पण घ्यायची तर डिलक्स आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात हीच आठ गाणी जुन्या रूपातही आहेत. 'लव्ह नेव्हर फेल्ट सो गुड' आधी जुनं ऐका: १९८३चा डेमो (कच्चं रेकॉर्डिंग), पॉल अँकाचा पियानो, चुटक्या आणि आवाज. मग नवं लावा. गेलेल्या गायकाच्या उरल्यासुरल्या रेकॉर्डिंगवर नव्या वाद्यांचे किती मजले चढवतात ते एका बैठकीत कळतं.

काम सुरू होतं टेपपासून. १९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांवर चुंबकी थर धरून ठेवणारं द्रव्य हवेतली ओल शोषतं. तशीच लावली तर टेप यंत्राच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते, किंचाळते आणि थर खरवडून निघतो. म्हणून ती आधी ५४ अंश सेल्सियसच्या आसपास आठेक तास 'भाजतात'. दोन इंची रुंद टेपला वेळ जास्त. खरं तर हे वाळवणंच. त्याआधीची ॲसिटेटची टेप मात्र अजिबात भाजू नये, ती ठिसूळ होते. वाळवलेली टेप पुन्हा ओल धरते, तेव्हा थोड्याच दिवसांत संगणकात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये उतरवून घ्यावी.

मग वेग. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण ६० हर्ट्झची असते. ती ५९ला दिसली, तर टेप सुमारे १.७ टक्के मंद चालली आहे आणि सूर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरला आहे. नवा पियानो त्यावर बसणारच नाही. अर्थात ही गुणगुण टेपवरचीच आहे, आत्ता वाजवणाऱ्या यंत्राची नाही, एवढं आधी पाहा.

खरी गोम लयीत आहे. डेमो गाताना बहुतेकदा कानात क्लिक (ठेका धरणारी टिकटिक) नसतो. गाणारा ओळीच्या शेवटी रेंगाळतो, ध्रुवपदात पुढे सरकतो. मिनिटाला ९२ मात्रांवर सुरू झालेलं गाणं ९५वर संपतं. आवाजाचे तुकडे करून ते सरळ संगणकातल्या ग्रिडवर (समान अंतराच्या मात्रांच्या चौकटीवर) बसवणं सोपं, आणि तिथेच गाणं मरतं. तुकडा दोन-तीन शतांश सेकंद जरी मागे ओढला, तरी त्याच्या आधीचा श्वास कापला जातो आणि गायक धापा टाकत आल्यासारखा वाटतो. उलट करावं. प्रत्येक मात्रागटाची पहिली मात्रा आवाजावरून खुणावून लयीचा नकाशा काढावा आणि ड्रमवाल्याला त्यावर वाजवायला लावावं. वेळ खातं, पण इलाज नाही.

दुसरं ध्रुवपद गायलेलंच नसेल, तर पहिलं उचलून चिकटवतात. पकडायचं असेल तर शब्द ऐकू नका, श्वास ऐका: तोच श्वास, त्याच जागी, दोनदा. वेगळा टेक (त्याच ओळी पुन्हा गायलेलं रेकॉर्डिंग) असेल तर तो घ्यावा, नसेल तर गाणं आखूड ठेवावं.

आवाज आणि वाद्य एकाच माइकवर असेल तर आणखी पंचाईत. बीटल्सच्या जॉन लेननची 'नाऊ अँड देन'ची कॅसेट १९९५मध्ये अशाच कारणांनी बाजूला पडली. संगणकाने पियानोतून आवाज सोडवल्यावर गाणं २०२३मध्ये आलं. अशा सोडवणुकीत 'स', 'श' पाणचट होऊ शकतात, लांबवलेल्या स्वराची शेपूट तुटते. त्यावर उपाय म्हणजे जुनं वाद्य हळू आवाजात खाली राहू द्यायचं. व्रण झाकले जातात.

जॉनी कॅशच्या 'साँगरायटर'मध्ये (जून २०२४) १९९३च्या डेमोंमधला आवाज आणि त्याची ॲकूस्टिक गिटार ठेवली, बाकीचं नव्याने वाजवून घेतलं. गिटार ठेवली हे फार बरं झालं. गळा जिथे थबकतो तिथे हातही थबकतो, आणि नव्या बासवाल्याला कुठे थांबायचं ते त्या हाताकडूनच कळतं.