बांगड्याच्या नावातील तेलुगू

कोकण किनाऱ्यावर एकाच माशाला दोन-तीन नावे असणे ही रोजची गोष्ट आहे. मालवणात ज्याला मुडदुशी म्हणतात, त्यालाच उत्तरेकडे काही ठिकाणी रेणवी म्हणतात, आणि मोरी की मुशी यावर तर दोन गावांचे सहसा एकमत होत नाही. शास्त्रीय नाव हवे ते याचसाठी. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या, सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या ग्रंथाच्या 1758 साली प्रसिद्ध झालेल्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची दोन शब्दांची नावे अधिकृत धरली जातात. पहिला शब्द जवळच्या जातींच्या गटाचा म्हणजे कुळाचा, दुसरा त्या जातीचा. ही नावे केवळ ग्रीक-लॅटिनची ओझी आहेत, अशी समजूत शाळेतच पक्की होते. माझ्या मते मात्र मासळीबाजारात रोज बसणाऱ्या माणसाला ती प्राध्यापकापेक्षा लवकर पटावीत, कारण त्यांतील बरीचशी मासा हातात धरून ठेवलेली आहेत.

रावसाचे नाव पाहा : एल्यूथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम. ग्रीकमध्ये ‘एल्यूथेरोस’ म्हणजे मोकळा, ‘नेमा’ म्हणजे धागा, ‘टेट्रा’ म्हणजे चार आणि ‘डॅक्टिलोस’ म्हणजे बोट. रावसाच्या छातीजवळच्या पराखाली चार सुटे धागे लोंबतात आणि गढूळ पाण्यात भक्ष्य चाचपायला त्याला त्यांचा उपयोग होतो. म्हणजे नावात जे सांगितले आहे ते रावस उलटा करून कोणालाही मोजता येईल. वाकटीचे नाव ट्रायकियुरस लेप्ट्युरस आहे, म्हणजे ‘केसासारख्या शेपटीची, बारीक शेपटीची’. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, पण वाकटीला शेपटीचा पर नसतोच आणि अंग निमुळते होत अगदी दोऱ्याएवढे होते, हे पाहिल्यावर लिनियसला दोष देववत नाही. लेपाच्या कुळाचे नाव सायनोग्लॉसस, म्हणजे कुत्र्याची जीभ. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटीचे कुळ बोलिऑफ्थाल्मस, आणि त्या नावात डोळे बाहेर फेकल्यासारखे दिसतात एवढेच म्हटले आहे. जिताड्याला लेटीस कॅल्कॅरिफर म्हणतात. त्यातील ‘कॅल्कर’ हा लॅटिन शब्द घोडेस्वाराच्या टाचेवरील आरीसाठी आहे. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाशी असलेला काटा ज्याच्या हातात घुसला असेल, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

ढोम्याच्या कुळाचे ओटोलिथीस हे नाव मला या सर्वांत अधिक अर्थपूर्ण वाटते. ‘ओटो’ म्हणजे कान आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. ढोमा आणि घोळ ज्या कुटुंबात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, येतात, त्या कुटुंबातील माशांच्या डोक्यात दोन पांढरे कठीण खडे असतात, आणि जेवताना ते दाताखाली आले नाहीत असा कोकणी माणूस विरळाच. हे खडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि माशाला तोल सांभाळण्यासाठी व ऐकण्यासाठी लागतात. त्यांवर थरावर थर चढत जात असल्यामुळे, खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की माशाचे वय काढता येते. ताटाच्या कडेला काढून ठेवलेली ही वस्तू मत्स्यशास्त्रज्ञाच्या दृष्टीने त्या माशाचा जन्मदाखलाच असते.

आता बांगडा. त्याच्या रास्ट्रेलिजर या कुळनावाचा अर्थ ‘लहान दंताळे बाळगणारा’ असा आहे. बांगड्याचा जबडा उघडला की कल्ल्यांवरचे लांब दाते दिसतात, आणि त्यांतून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. पण जातिनाम ‘कानागुर्टा’ हे ना ग्रीक आहे ना लॅटिन. ते तेलुगू आहे. पॅट्रिक रसेल या वैद्याने विशाखापट्टणम येथे गोळा केलेल्या दोनशे माशांची वर्णने आणि चित्रे 1803 साली प्रसिद्ध केली आणि त्यांत तिथल्या कोळ्यांनी सांगितलेली नावे नोंदवली. पुढे 1816 साली कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्यांतीलच एक नाव बांगड्याला कायमचे चिकटवले. बोंबलाचेही तसेच आहे. हार्पाडॉन म्हणजे आकडीसारख्या दातांचा, हे आपल्याकडच्या कोणालाही पटेल, परंतु ‘नेहेरियस’ हे बंगाली नावावरून आलेले आहे, कारण त्या जातीचे पहिले वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने 1822 सालच्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात केले. त्याच ग्रंथातून रोहूचे ‘रोहिता’ आणि आपल्या पाल्याचे ‘इलिशा’ ही नावे आली. करलीचे ‘डोराब’ आणि मुडदुशीचे ‘सिहामा’ ही नावे अरबी आहेत. 1763 साली येमेनमध्ये मरण पावलेल्या फोर्स्कॉल या निसर्गअभ्यासकाने ती तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर टिपली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर 1775 साली ती छापली गेली.

वर आलेल्या एकाही समुद्री माशाच्या नावात मराठी शब्द नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. याचे कारण मासळीत नसून माणसांत आहे. ज्या किनाऱ्यावर टिपून घेणारा बसला, त्या किनाऱ्याची बोली ग्रंथात गेली. आपल्या बाजूला आलेला द्युसुमिए हा बोर्दोचा व्यापारी व जहाजमालक होता. तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून मासे पॅरिसला नेत असे, आणि तिथल्या पंडितांनी कृतज्ञतेने त्याचेच नाव माशांना दिले. मांदेलीची एक जात कोइलिया द्युसुमिएरी आहे आणि निवटीची एक जात बोलिऑफ्थाल्मस द्युसुमिएरी. पकडणारा कोळी आणि निवडणारी कोळीण यांचा शब्द त्यात कुठेच उमटला नाही, याची मला थोडी खंत वाटते.

घाटावर मात्र वेगळे घडले. कर्नल साइक्स या मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या नद्यांतील मासे वर्णिताना मराठी नावे कानाला ऐकू आली तशी लॅटिनच्या रांगेत बसवली. म्हणूनच आज शिंगटी ही मिस्टस सींगटी आहे, महसीराची एक जात टॉर खुद्री आहे, आणि ‘रोहटी’ तर साइक्सने चक्क एका कुळाचेच नाव केले. त्याच वाटेने पुढे 1952 साली चं. वि. कुलकर्णी यांनी कोल्हापूरकडच्या पंचगंगेतील एका माशाला नेओट्रोपियस खवलचोर हे नाव दिले. हा मासा दुसऱ्या माशांची खवले ओरबाडून खातो, आणि जगातील कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला त्याचा उल्लेख करायचा झाला तर ‘खवलचोर’ असेच लिहावे लागते.