ते पाळल्यालं न्हाई, ते येतंय

ऑगस्टच्या मध्यावर, गणपतीला बारा दिवस राहिले असताना, साताऱ्यातल्या समर्थ मंदिराच्या चढावर राहणारं एक कुटुंब गोडोलीतल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात पाचव्यांदा आलं. आई, सातवीतली मुलगी आणि भाजीच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली खारी. खारी म्हणजे त्यांची सशाची मादी, दोन वर्षांची, वजन एक किलो सहाशे. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून मुलीनं ते नाव ठेवलं होतं.

टॉवेल उघडला आणि मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध, तोच पांढरा भुसा दिसला. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः तो संपल्याचं सांगितलं होतं.

जूनमधल्या पहिल्या भेटीत मुलगी म्हणाली होती, "मॅडम, हिला कोंडा झालाय." मी काळा कागद अंथरला, बारीक कंगव्यानं पाठ विंचरली आणि पडलेला भुसा दिव्याखाली धरला. थोडा वेळ काही नाही. मग त्यातले दोन-तीन कण सरकले. याला चालता कोंडा म्हणतात ते उगीच नाही. चेलेटिएला नावाची ही केसांतली माइट, म्हणजे गोचिडाच्या कुळातला बारीक जीव, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. कातडीत बीळ करत नाही, वरच्या मेलेल्या थरात हिंडते आणि चालताना कोंड्याचे पापुद्रे ढकलत नेते. मानेवर सेलोटेप दाबून काचेवर चिकटवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आठ पाय, मध्ये चिमटलेलं शरीर आणि तोंडाशी दोन बाजूंना हुकासारखे वाकडे दोन आकडे. ते आकडे एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. शेजारी एका केसाला बारीक धाग्यांनी गुंडाळलेलं अंडं होतं. मुलीलाही दाखवलं. तिनं दहा मिनिटं डोळा हलवला नाही.

सशाला औषध देणं हे आमच्याकडे अजून उसन्या सामानावर चालतं. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांनी अभ्यासक्रम भरलेला होता आणि तो तसा असणं बरोबरही होतं, पण ससा फार थोडक्यात आटोपायचा. आज साताऱ्यात घराघरांत ससे आहेत आणि माझ्या कपाटात आहे ती गाईची बाटली. आयव्हरमेक्टिनच्या त्या बाटलीवर हिशोब लिहिलेला असतो पन्नास किलोला एक मिली. सशाला वजनाच्या मानानं गाईपेक्षा थोडा जास्त डोस द्यावा लागतो, तरी खारीला लागतो मिलीचा विसावा भाग. एक मिलीच्या बारीक सिरिंजवर त्या पाच रेघा होतात. औषध तेलासारखं दाट, सुई बारीक, त्यामुळे ते हळूहळू सोडावं लागतं, आणि तेवढा वेळ ससा हलता कामा नये. सशाची हाडं हलकी असतात आणि मागच्या पायांत ताकद फार. घाबरून लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडतो. म्हणून मी ससा टेबलावर दाबून धरू देत नाही. टॉवेलात गुंडाळायचं, डोळे झाकायचे, माझ्या मदतनिसाच्या छातीशी लावायचं. त्या मुलाचा हात या कामात माझ्यापेक्षा चांगला आहे. हा डोस घरी कुणी मोजू नये. एक रेघ चुकली तरी एवढ्या जिवाला ती मोठी असते.

पहिल्याच दिवशी दातही पाहिले. कान तपासायच्या उपकरणाची नळी तोंडाच्या कडेनं आत घालून मागच्या दाढा बघायच्या. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. दाढेला टोक आलं की तोंड दुखतं, ससा स्वतःला चाटून साफ ठेवत नाही आणि एरवी थोडक्यात राहणाऱ्या माइट माजतात. खारीच्या दाढा ठीक होत्या. चपाती आणि बिस्किटं बंद करायला सांगितली, डोंगरातलं वाळलं गवत पोटभर.

आणि एक गोष्ट मी दोनदा बजावली. त्यांनी एका दुकानातून कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब आणले होते. नशिबानं बाटली फोडली नव्हती. त्यात फिप्रोनिल होतं. कुत्र्यामांजराला चालणारं हे औषध सशाचा जीव घेऊ शकतं. विकणाऱ्यानं एवढंच विचारलं होतं, जनावर केवढं आहे? कुठलं आहे, हे विचारलंच नव्हतं. याचा मला अजून संताप येतो.

अंड्यांवर इंजेक्शनचा परिणाम होत नाही. अंड्यापासून पूर्ण वाढलेली माइट व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, कधी जास्तही. म्हणून चौदा दिवसांच्या अंतरानं तीन डोस दिले. घरासाठी सांगितलं ते असं: पिंजऱ्यातलं गोणपाट जाळून टाका, त्याजागी रोज बदलायला वर्तमानपत्र, पिंजऱ्यावर उकळतं पाणी, कंगवा उकळा, झाडू मारण्याआधी ओलं फडकं फिरवा. कोरड्या झाडूनं केस उडतात आणि केसाला अंडी असतात. फिनेल नको, ससा पाय चाटतो. आंघोळ तर अजिबात नको. ओला ससा गारठतो, घाबरतो, आणि सशानं घाबरून अर्धा दिवस खाणं सोडलं की आतडं थांबतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरा डोस झाला, पंधरवड्यानं टेप स्वच्छ आली, मुलीनं टाळ्या वाजवल्या.

आणि आता ऑगस्टमध्ये हे.

मी तेव्हा काय बोलले ते मला नीट आठवतं. "तुम्ही घराची साफसफाई सांगितल्याप्रमाणे केलेली नाही. औषधाचा दोष नाही हा." मुलगी शेजारी उभी होती. आई काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं बाही वर सारून हात पुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुळ्या. "माझं एवढंच आहे. सासूबाईंच्या पोटावर, हातांवर भरपूर आहे. दोनदा खरजेचं मलम झालं. रात्री झोप नाही त्यांना. आता मिस्टर म्हणतात गणपतीच्या आत ससा अजिंक्यताऱ्यावर सोडून येतो, पाहुण्यांना नको व्हायला."

पाळलेला ससा आणि आपल्या डोंगरातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. खारीला ना पळायची सवय ना लपायची. अजिंक्यताऱ्यावर ती पहिल्या रात्री कुत्र्याच्या तोंडी गेली असती. मी म्हटलं, मला संध्याकाळी घर बघू द्या.

पाऊस लागलेला होता. जुनं घर, दगडी पायऱ्या, पुढं सोपा. आत पाऊल टाकलं आणि माझी मान खाली गेली. फरशी आरशासारखी होती. पिंजऱ्याखाली त्याच दिवसाचं वर्तमानपत्र. पिंजऱ्याच्या लाकडी पट्ट्यांचा रंग उकळत्या पाण्यानं उडालेला. कंगवा वेगळ्या डब्यात. दारामागे औषधांच्या तारखा मुलीच्या अक्षरात. मी सांगितलेल्या सूचनांतली एकही सुटलेली नव्हती. नोकरी करून, सासूचं बघून, त्या बाईनं दोन महिने हे केलं होतं आणि मी तिला तिच्या मुलीसमोर खोटं ठरवलं होतं.

आजी सोप्यावर लोखंडी पलंगावर बसल्या होत्या. अंगाखाली गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर, वरून पांढऱ्या धोतराचा पट्टा, हातानं घातलेले बारीक टाके एकसारखे. मी सहज विचारलं, खारी इथं येते का? सून म्हणाली, नाही, पिंजऱ्यातच असते. आजी जमिनीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारी हे समदं कामाला जात्यात. मी सोडते तिला. बसती माज्यापशी."

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक करडं मांजर आत आलं, ओलं, निवांत. थेट गोधडीवर चढलं, आजींच्या मांडीशी वळसा घालून बसलं.

"आजी, हे मांजर?"

"व्हय, येतंय."

"पण मी विचारलं होतं, दुसरं जनावर पाळलंय का, तर नाही म्हणालात."

"ते पाळल्यालं न्हाई, ते येतंय."

त्या खरं बोलत होत्या. माझ्या केसपेपरवर छापील प्रश्न आहे, 'घरात इतर पाळीव प्राणी?' आणि त्या घरानं त्याचं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. रोज दुपारी दूधभात खाऊन तीन तास गोधडीवर झोपणारं मांजर त्या प्रश्नात बसत नव्हतं. बारा वर्षं मी तोच प्रश्न विचारत आले.

मांजराच्या अंगावर डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मांजर स्वतःला इतकं चाटतं की माइट असूनही कातडी स्वच्छ दिसू शकते. आजींनी त्याला पदराखाली धरलं, मी पाठीवर टेप लावली. रात्री दवाखान्यात येऊन बघितली. तेच दोन आकडे. ससा, मांजर आणि कुत्रा यांच्या माइटच्या जाती वेगळ्या मानतात. पायाच्या गुडघ्यावर एक ज्ञानेंद्रिय असतं, सशाच्या माइटला गोल, मांजराच्याला शंकूसारखं, कुत्र्याच्याला पत्त्यांतल्या बदामासारखं, हृदयाच्या आकाराचं. माझ्या सूक्ष्मदर्शकात मला ते खात्रीनं ठरवता आलं नाही. उपचारात त्यानं फरकही पडत नव्हता, कारण या माइट एकमेकांच्या घरी जातात. माणसाच्या अंगावर मात्र त्या वाढत नाहीत. चावतात, पुळ्या उठवतात आणि जनावर बरं झालं की आपोआप संपतात. खरजेची माइट वेगळी, ती कातडीत शिरते. आजींचं दुखणं तिथं चुकलं होतं. माणसांचं औषध मी देत नाही. एका त्वचारोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली की घरातल्या दोन जनावरांत चेलेटिएला आढळली आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. आधी मलम देणाऱ्यांपैकी कुणीही आजींना घरात जनावर आहे का, हे विचारलं नव्हतं. पण मी विचारूनही चुकलेच होते.

मांजरासाठी मानेवर टाकायचे सेलॅमेक्टिनचे थेंब पुण्याहून मागवले. ते मांजर आजींशिवाय कुणाच्या हाती लागत नाही. आजींनीच दूधभात पुढं ठेवला, मानेवरचे केस दोन बोटांनी विलग केले आणि मी थेंब सोडले. महिन्यानं परत. खारीचे तीन डोस पुन्हा पहिल्यापासून.

राहिली गोधडी. सून म्हणाली जाळून टाकू. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त धोतराच्या पट्ट्यावर हात ठेवला. ते धोतर आजोबांचं, हे मला मुलीनं नंतर सांगितलं. कडक गरम पाण्यात धुतली तर माइट मरते, पण लुगड्यांच्या सात थरांची गोधडी साताऱ्याच्या ऑगस्टात वाळवायची कुठं? चार दिवसांत कुबट झाली असती. मला वेगळा मार्ग माहीत होता. जनावराच्या अंगावरून खाली पडलेली माइट फार टिकत नाही. पिल्लं आणि नर दोन दिवसांत मरतात, मादी दहा दिवसांच्या आसपास तग धरते. अंडी फुटली तरी खायला काही नाही. म्हणजे गोधडी जाड प्लास्टिकमध्ये हवाबंद करून पाच आठवडे कुणी उघडली नाही तर काम होतं.

"पाच आठवडे म्हंजे घट बसायच्या आधी," आजी बोटांवर मोजून म्हणाल्या. "मग दसरा काढतानाच धुवू की."

बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडं घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. माइटच्या आयुष्याचा हिशोब आणि आजींचा पंचांगाचा हिशोब इतका बरोबर जुळला की मी पुढं काही बोललेच नाही. मुलीनं पिशवीवर खडूनं तारीख घातली. पाहुण्यांसाठी शेजारून सतरंज्या आल्या. मांजराला खिडकीत धुता येईल असा सुती तुकडा दिला. त्याला तो आवडला नाही, तरी बसलं.

आजींची खाज सप्टेंबरात गेली. घट बसायच्या आदल्या आठवड्यात ऊन पडलं, गोधडी संगम माहुलीला नेऊन धुतली. खारीच्या आणि मांजराच्या टेपा तेव्हा स्वच्छ होत्या, दिवाळीनंतरही स्वच्छ आल्या.

केसपेपरवरचा प्रश्न मी बदलला आहे. आता विचारते, घरात कोण कोण येतं, कुठं बसतं, दुपारी घरात कोण असतं. लोक जरा चमकतात, मग सांगायला लागतात. पाल, चिमण्या, शेजारचं कुत्रं, सगळं.

दिवाळीनंतरच्या तपासणीला सून एकटीच आली होती. मी म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं, घर बघायच्या आधी मी बोलायला नको होतं. ती खारीला टॉवेलात गुंडाळत होती. म्हणाली, "माझं काही नाही मॅडम. मुलीसमोर बोललात, तेवढं लागलं. ती घरी गेल्यावर मला विचारत होती, आई, तू खरंच केलं होतंस ना सगळं?"

खारीची नखं महिन्याभरात कापायला येतील. त्या वेळी मुलीला घेऊन या, असं मी तिला सांगितलं आहे.