लॅकॉकच्या सोयी

भारतातून आलेल्या पाहुण्यांना लंडन दाखवून झालं की ते म्हणतात, ‘आता एखादं खेडं दाखव.’ मग मी त्यांना विल्टशरमधल्या लॅकॉकला नेते. चिपनहॅमपासून पाचेक किलोमीटर. गाव म्हणजे जेमतेम चार रस्ते, एक चर्च, एक ओढा. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवायची आणि चालत आत शिरायचं.

मागे आत्या आली होती. तिची नजर घरांवर गेलीच नाही, आधी वर गेली. ‘अगं, इथं वीज नाही का?’ डोक्यावरून एकही तार जात नव्हती, छपरांवर टीव्हीचा अँटेना नव्हता. वीज आहे, टीव्ही आहे, सगळं आहे. फक्त दिसू द्यायचं नाही. १९४४ साली मटिल्डा टॅलबट या बाईंनी आपला वाडा आणि त्यासोबत जवळजवळ सगळं गावच नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. बहुतेक घरांत आजही ट्रस्टचे भाडेकरू राहतात. त्यामुळे मनात आलं आणि दारात प्लास्टिकचा पत्रा ठोकला, असं इथं चालत नाही. जुन्या काळातल्या गोष्टींचं चित्रीकरण करणाऱ्यांना हे गाव फार सोयीचं पडतं. डांबरावर माती पसरली की झालं अठरावं शतक तयार. तेवढे दिवस गावकऱ्यांनी मातीतून पिशव्या सांभाळत घरी जायचं.

या गावातल्या प्रत्येक सोयीपाशी मला हाच प्रश्न पडतो, सोय कोणाची? पूर्वेकडच्या रस्त्यावर चौदाव्या शतकातलं कोठार आहे. वर बघितलं की जहाज उलटं टांगल्यासारखे लाकडी वासे. गावकऱ्यांचं धान्य आणि लोकर इथं मठाच्या वाट्याची म्हणून जमा व्हायची. सॅलिसबरीची काउंटेस एला हिने तेराव्या शतकात हा जोगिणींचा मठ उभारला, पुढे स्वतःच त्याची प्रमुख झाली. कोठाराला लागूनच एक घुमटाकार, अंधारी कोठडी आहे. रात्री झिंगून दंगा करणाऱ्याला उतरेपर्यंत तिच्यात कोंबायचे. चार रस्त्यांच्या मानाने गावात दारू मिळण्याची ठिकाणं भरपूर, तेव्हा कोठडी जवळ असलेली बरी.

त्यातल्या ‘जॉर्ज’ नावाच्या पबमध्ये चुलीपाशी एक चाक आहे. आत्या त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. या चाकात कुत्रा घालायचे. आखूड पायांची, लांबट अंगाची एक जातच त्यासाठी पाळलेली. तो आत धावत राहायचा आणि विस्तवावरची मांसाची सळई फिरत राहायची. यंत्रं आली तशी ती जात एकोणिसाव्या शतकात नाहीशी झाली. ‘आणि त्याला खायला काय देत असतील?’ आत्याने विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं, पण चांगलं काही मिळत असेल असं वाटलं नाही.

मठ १५३९ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने तो विकत घेतला. हा मला भारी आवडतो. मठाचं चर्च त्याने पाडलं, पण ओवऱ्या जशाच्या तशा ठेवल्या आणि वर आपलं राहतं घर बांधलं. ब्रिस्टलच्या टांकसाळीत अधिकारी असताना नाण्यांत हात मारला, पकडला गेला आणि माफी मिळवून परत आला. वाड्यातल्या शांत, कमानींच्या ओवरीतून चालताना त्याची आठवण होऊन हसू येतं.

पुढे हाच वाडा विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटकडे आला. हा गणिती, शास्त्रज्ञ, पण हाताला चित्रकला नव्हती. १८३३ साली इटलीत कोमो सरोवराकाठी लोलकाच्या उपकरणातून चित्र काढायला बसला आणि वैतागला. समोरचं दृश्य आपणहून कागदावर उतरलं तर काय बहार होईल, असं त्याच्या मनात आलं. घरी येऊन त्याने छोटे छोटे लाकडी डबे वाड्याभोवती ठेवायला सुरुवात केली. बायको, कॉन्स्टन्स, त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये त्यातल्या एकात वाड्याची जाळीदार खिडकी सापडली. तीच आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी छायाचित्राची निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे एका चित्राच्या हव्या तितक्या प्रती. त्या काळी पॅरिसमध्ये छायाचित्रणाचेच प्रयोग करणाऱ्या दागेरला हे जमलेलं नव्हतं.

खिडकी अजून जागेवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा आठ-दहा जण फोन वर धरून तिचाच फोटो काढत होते. मी आत्याला टॅलबटची टीप सांगितली, की चित्र ताजं असताना भिंगाखाली काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता यायचे. आत्याने फोन पर्समध्येच ठेवला, खिडकी वरपासून खालपर्यंत नीट पाहिली आणि म्हणाली, ‘दोनशे! आणि पुसत कोण होतं गं त्या?’