माल्टाची पाषाणमंदिरं: हाजर इम आणि इम्नायद्रा

माल्टाला जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाआधी हाल साफ्लिएनी हायपोजियमचं तिकीट बघा. खडकात खोदलेलं हे तीन मजली दफनस्थान. माणसांच्या श्वासानं आतली गेरूची चित्रं खराब होतात, म्हणून तासाला फक्त दहा जणांना सोडतात. आम्ही तीन आठवडे आधी तिकीट बघायला गेलो तर सगळं भरलेलं. आईला त्याची अजून हळहळ आहे. तुम्ही दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

देवळांच्या आधी राजधानी वालेट्टातलं पुरातत्त्व संग्रहालय करा. तार्शिनच्या देवळांतले नक्षीचे दगड, हाजर इमच्या स्थूल मूर्ती, हायपोजियममध्ये सापडलेली तळहातावर मावेल एवढी निजलेली बाई, हे सगळं अस्सल तिथे आहे. ते डोळ्यांत घेऊन गेलात की उघड्या दगडांमध्ये कुठे काय असेल ते आपोआप दिसू लागतं.

हाजर इमला वालेट्टाहून ७४ नंबरची बस जाते. उतरल्या उतरल्याच परतीची वेळ बघून ठेवा. एकाच तिकिटात शेजारचं इम्नायद्राही होतं. ही देवळं इ.स.पू. ३६०० ते २५०० या काळातली, म्हणजे सुरुवातीची तर गिझाच्या मोठ्या पिरॅमिडाहून हजारेक वर्षं जुनी. हाजर इमचा एक दगड जवळपास २० टनांचा आहे. इथला चुनखडक मऊ, त्यामुळे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं त्याचे पापुद्रे सुटलेत. २००९ मध्ये दोन्ही देवळांवर पांढरं छत उभारलं. फोटोत ते खुपतं खरं, पण दगड जवळून पाहिल्यावर मला त्याची तक्रार करवली नाही.

तिथून अर्धा किलोमीटर उताराची फरसबंद वाट इम्नायद्राला जाते. वाटेवर सावली अजिबात नाही. पाणी, टोपी घ्या आणि उन्हाळ्यात सकाळीच जा. येताना चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तेवढा वेळ धरावा. समोर फिल्फ्लाचं ओसाड बेट आणि निळंशार पाणी.

इम्नायद्राचं खालचं देऊळ माझ्या मनात घर करून राहिलं. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, उगवता सूर्य थेट दारातून आत येतो. अयनदिनांना, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी, तोच प्रकाश दाराजवळच्या शिळांच्या कडांवर पडतो. पण खरं थांबायचं ते आतल्या खिडकीवजा दारापाशी. अखंड शिळेत चौकोनी भोक कोरून ते दार केलंय आणि भोवतीच्या दगडांवर हरभऱ्याएवढ्या खळग्यांची दाट नक्षी आहे. धातू ठाऊक नसलेल्या माणसांनी एकेक खळगा टोचत ती भरलीय. मी मोजायला लागलो आणि एका वितीतच हिशेब चुकला. आई म्हणाली, "अरे, कुणीतरी हे बसून केलंय." मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. दगडांना हात लावू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

गोझो बेटावरचं जगान्तिया याहून भव्य आहे. एका राक्षसिणीनं कडेवर मूल घेऊन ते बांधलं, असं तिथले लोक सांगतात. चिरकेव्वा बंदरातून बोट घ्या, पैसे परतताना भरायचे असतात. मात्र त्यात अख्खा दिवस जातो. हातात एकच दिवस असेल तर गोझो सोडा आणि इम्नायद्राला दोन तास द्या.