वांद्र्याच्या कोर्टात आईचा फोन

धाकट्या बहिणीच्या घटस्फोटाच्या दाव्यात परवा पुरावा दाखल करायची तारीख होती. दावा तिनं क्रूरतेच्या कारणावरून लावलाय आणि नवरा तो लढवतोय. सोबत मी. त्याआधीच्या महिनाभरात आम्ही जे गोंधळ घातले, ते तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून लिहितेय.

भांडुपहून दादर, गाडी बदलून वांद्रे, मग पूर्वेला शेअर रिक्षा. नुसतं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सांगितलं तर रिक्षावाला भलत्याच काचेच्या इमारतीपाशी सोडतो; 'फॅमिली कोर्ट' असंच म्हणा. आम्ही दहालाच पोचलो. बोर्डावर नंबर शोधणं, वकिलांना गाठणं, कागद पुन्हा लावणं यात तास कधी गेला कळलं नाही. आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर, म्हणजे आपल्या केसचा खास नंबर, टाकून तारीख पाहून घ्या, म्हणजे उगाच रजा फुकट जात नाही. डबा न्या. आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर आला.

कागद दिला की पुरावा झाला, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. आपण यादी जोडून कागद दाखल करतो, एक प्रत समोरच्यांना देतो, मूळ कागद कोर्टापुढे ठेवतो, आणि त्यावर निशाणी क्रमांक, म्हणजे वकिलांच्या भाषेत एक्झिबिट, पडतो तेव्हा कुठे तो पुराव्यात येतो. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, दागिन्यांच्या पावत्या यांचं फार काही झालं नाही. बँकेच्या खात्याचा उतारा मात्र घरच्या प्रिंटरवर काढलेला नको. १८९१ च्या बँकर्स बुक्स कायद्याप्रमाणे दाखला जोडून शाखेतून घ्या. पोटगीचा अर्ज असेल तर उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनीही द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून.

खरी गंमत झाली ती व्हॉट्सअ‍ॅपची. बहिणीनं एकशे चाळीस पानांचे स्क्रीनशॉट रंगीत छापून आणले होते. वकीलबाईंनी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "हा 'हिटलर' कोण?" नवऱ्याचा नंबर तिनं त्या नावानं सेव्ह केलेला! स्क्रीनशॉटवर नंबर नाही, बऱ्याच पानांवर तारीख नाही. समोरचा वकील उलटतपासात याचं भजं करणार, असं बाई म्हणाल्या. मग संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट केलं, संपर्काचं पान नंबरासकट जोडलं आणि कामाचे तेवढे बावीस मेसेज निवडले.

पण चॅटबरोबर, ते कुठल्या फोनमधून कसं काढलं याचं प्रमाणपत्रही लागतं. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग : पहिला आपण भरायचा, दुसरा जाणकारानं. त्यात फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा, लिहावी लागते. आता ते मेसेज आले होते जुन्या फोनवर, आणि तो फोन बहिणीनं आईला हरिपाठ ऐकायला दिलेला. नशीब, एक्सचेंजमध्ये गेला नव्हता. आईकडून तो काढून घेताना जे ऐकावं लागलं ते सोडा. तुमचा जुना फोन कितीही फुटका असला तरी केस संपेपर्यंत विकू नका, रिसेट करू नका.

चोरून केलेल्या कॉल रेकॉर्डिंगबद्दलही विचारलं. नवराबायकोमधल्या दाव्यात ते ग्राह्य धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. पण आमच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये बहीणच जास्त ओरडतेय. ते आम्ही घरीच ठेवलं.

१९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम १४ सांगतं की, वाद सोडवायला मदत होईल असं कोर्टाला वाटलं, तर साक्षीपुराव्याच्या नियमांत न बसणारा कागदही ते घेऊ शकतं. हे वाचून मी खूश झाले होते. बाई म्हणाल्या, "ही सवलत कोर्टाला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही प्रमाणपत्र आणा."

सरतपास शपथपत्रावर होतो, म्हणजे आपली सगळी हकिगत आधी लेखी द्यायची आणि उलटतपास त्यावरच. आमचं शपथपत्र इंग्रजीत होतं. ओळ न् ओळ मराठीत समजून घेतली म्हणून सापडलं : घर सोडल्याची तारीख दाव्यात गौरीविसर्जनाच्या आधीची, शपथपत्रात नंतरची! सही करण्यापूर्वी दाव्याची प्रत शेजारी ठेवून वाचाच.

पुकारा झाल्यावर मला आत बसता आलं नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं कामकाज बंद दाराआड चालतं, त्यामुळे सोबत आलेल्यांनी बाकावरच बसायचं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. सतरा कागदांपैकी चौदांवर निशाणी पडली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर समोरच्यांनी हरकत घेतली, त्यामुळे आता डॉक्टरांना साक्षीला आणायचं की कसं, हे बघावं लागेल. उलटतपास पुढच्या तारखेला.

वांद्रे स्टेशनवर आईचा फोन आला, शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून. तारखेचं काय झालं ते तिनं विचारलं, आणि लगेच, "माझा हरिपाठ कधी देताय?"

"उलटतपास झाल्यावर," ताईगिरी करत मी म्हटलं. बहीण दिवसभरात पहिल्यांदा हसली.